केनियाला जाताना: कागदपत्रं, पैसे, गाडी आणि रीतभात

केनियाची सहल बिघडते ती बहुतेक वेळा निघण्याआधीच, कार्यक्रम आखताना. सहा दिवसांत चार अभयारण्यं, त्यात एक दिवस किनाऱ्यावरचं मोंबासा, शिवाय नैरोबीत खरेदी. मग तिथे पोचल्यावर चालकाला पळवायचं, जेवण वेळेवर आलं नाही म्हणून वाढणाऱ्यावर चिडायचं, मसाई या तिथल्या पशुपालक जमातीच्या वस्तीत वीस मिनिटं उतरून फोटो काढायचे आणि निघायचं. यातली बरीच माणसं स्वभावाने उर्मट नसतात, कार्यक्रमच त्यांना तसं वागायला लावतो. त्यामुळे या लेखात कागदपत्रं आणि पैशांइतकीच जागा वेळेच्या आखणीला दिली आहे. पहिल्यांदाच, स्वतः आखून किंवा छोट्या सहल कंपनीकडून जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पंचवीस जणांच्या ग्रुप टूरमध्ये यातलं निम्मं तुमच्या हातात नसतं, पण उरलेलं निम्मं तरी उपयोगी पडेल.

१. आधी महिना ठरवा

आपल्याकडे सुट्टी म्हणजे मे किंवा दिवाळी, आणि केनियात नेमका दोन्ही वेळा पाऊस. मार्च ते मे हा मोठा पावसाळा, ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत छोटा. मे महिन्यात जाऊच नये असं नाही. गवत हिरवंगार असतं, गर्दी नसते, दर उतरलेले असतात. मात्र काही कॅम्प (जंगलातली तंबूंची निवासं) एप्रिल-मेमध्ये बंद असतात आणि मातीच्या रस्त्यांवर गाड्या रुततात, हे धरून चला.

जुलै ते ऑक्टोबर हा विल्डबीस्टच्या, म्हणजे कळपाने राहणाऱ्या मोठ्या आफ्रिकी हरणांच्या, स्थलांतराचा काळ. टांझानियातल्या सेरेंगेटीतून लाखो प्राणी केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात येतात. मारा नदी ओलांडतानाचं दृश्य बघायलाच सगळे जातात, पण कळप नदीत कधी उतरेल हे कुणीही सांगू शकत नाही. ‘क्रॉसिंग नक्की दाखवतो’ असं सांगणारा विक्रेता भेटला तर दुसरा शोधा. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे असतात, गवत आखूड होतं, बिबट्या-चित्ता दिसण्याची शक्यता चांगली असते आणि खर्च कमी. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला हे दोन महिने उत्तम.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. केनियात दर पाच वर्षांनी ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी सार्वत्रिक निवडणूक होते आणि पुढची २०२७ मध्ये आहे. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर तिथे मोठा हिंसाचार झाला होता. दरवेळी तसं होतं असं मुळीच नाही, तरी त्या पंधरवड्यात नैरोबीचा मुक्काम टाळलेला बरा. एरवीही शहरात निदर्शनं असतील त्या दिवशी मध्यवर्ती भागात फिरू नका आणि निदर्शनांचे फोटो काढायला तर अजिबात जाऊ नका.

२. ठिकाणं कमी करा

नकाशावर केनिया आटोपशीर वाटतो. प्रत्यक्षात नैरोबीहून मसाई मारा रस्त्याने पाच-सहा तास, अंबोसेली राष्ट्रीय उद्यान साधारण चार तास. मारा ते अंबोसेली हा जवळजवळ अख्खा दिवस गाडीत जातो, आणि कंपन्यांच्या पत्रकात तो ‘निसर्गरम्य प्रवास’ या नावाने एक दिवस म्हणून मोजलेला असतो.

आठ-नऊ दिवस असतील तर हे पुरतं: नैरोबी दोन रात्री, मारा तीन रात्री, वाटेत नैवाशा सरोवराकाठी एक किंवा दोन रात्री, आणि मग एकतर अंबोसेली नाहीतर मोंबासा. दोन्ही नको. नैवाशाजवळच्या हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानात सायकलवर आणि पायी फिरता येतं. तीन दिवस गाडीत बसून अंग आंबलेलं असताना ते फार बरं वाटतं. माराला तीन रात्री का, तर पहिल्या दिवशी सगळे सिंहाच्या मागे धावतात, दुसऱ्या दिवशी जरा शांत होतात, आणि तिसऱ्या दिवशी तरस, सेक्रेटरी पक्षी, शेणकिडे असं काहीही बघायची तयारी होते. चालकालाही तेव्हा हुरूप येतो.

३. ईटीए आणि कागदपत्रं

जानेवारी २०२४ पासून केनियाने जुना व्हिसा बंद करून ईटीए सुरू केला. म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी. नाव बदललं तरी भारतीय पासपोर्टवाल्याला अर्ज, फी आणि मंजुरी हे तिन्ही लागतंच. मूळ फी ३० डॉलर, वर थोडा व्यवहार-आकार. मुलांचा अर्ज वेगळा भरायचा. मंजुरीला साधारण तीन कामकाजाचे दिवस लागतात असं सांगितलं जातं, तरी निघण्याआधी निदान दोन आठवडे अर्ज करा.

इथला मोठा सापळा म्हणजे हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं. शोधयंत्रात ती वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी पत्ता ‘ईटीएकेनिया डॉट जीओ डॉट केई’ असा आहे. शेवटी ‘डॉट जीओ डॉट केई’ नसेल तर कार्ड बाहेर काढू नका.

युगांडा किंवा रवांडाही करायचा असेल तर पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा बघा. १०० डॉलरमध्ये केनिया, युगांडा आणि रवांडा या तिन्ही देशांत ९० दिवसांपर्यंत ये-जा करता येते. टांझानिया त्यात नाही. अनेकांना झांझिबार याच व्हिसावर होईल असं वाटतं, तसं होत नाही.

सोबत ठेवायचे कागद, मोबाइलमध्ये आणि छापील अशा दोन्ही स्वरूपांत:

– पासपोर्ट: पोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध आणि कोरी पानं असलेला
– मंजूर ईटीएची प्रत
– यलो फीव्हरची लस घेतल्याचं पिवळं कार्ड, मूळ
– परतीचं तिकीट
– प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं आरक्षण
– प्रवास विमा, त्यात दुर्गम भागातून विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला
– नियमित औषधं आणि त्यांची डॉक्टरांची चिठ्ठी
– मूल एकाच पालकासोबत असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र आणि जन्मदाखला

विम्यातला तो हवाई वाहतुकीचा मुद्दा दुर्लक्षू नका. माराहून गंभीर रुग्णाला नैरोबीला आणायचं तर छोटं विमान हाच खरा मार्ग. ‘आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स’ ही सेवा पर्यटकांना मुदतीचं सदस्यत्व देते, आणि बऱ्याच कॅम्पच्या दरात ते आधीच धरलेलं असतं. आरक्षण करताना विचारून घ्या.

४. लस आणि मलेरिया

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. भारतातून थेट केनियाला जाताना केनिया यलो फीव्हरचं कार्ड मागत नाही. इंटरनेटवर हे वाचून लोक निर्धास्त होतात. पण भारत मागतो, तेही परत येताना. केनिया भारताच्या दृष्टीने यलो फीव्हरची जोखीम असलेला देश आहे, इथिओपियाही आहे. वैध कार्ड नसेल तर मुंबई विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवतात. ‘फक्त अदिसअबाबाला विमान बदललं’ ही सबबही चालेलच असं नाही.

लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यायची. मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालय, गोव्यात मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय, आणि काही मोठ्या सरकारी रुग्णालयांत ती मिळते. ताजी यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघा. ठरावीक वारी, आधी नाव नोंदवूनच देतात, त्यामुळे आयत्या वेळी धावपळ नको. कार्ड लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध होतं. शुक्रवारी निघायचं आणि सोमवारी लस, असं करू नका. २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, जुनं कार्ड असेल तर पुन्हा टोचून घेऊ नका. कार्डावर पासपोर्ट क्रमांक असतो, तो केंद्रातून बाहेर पडण्याआधी ताडून पाहा.

ही जिवंत विषाणूंची लस आहे. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, नऊ महिन्यांखालची बाळं, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर तिकिटं काढण्याआधी हे विचारा, नंतर नव्हे.

मलेरियाचं तसंच. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, तिथे धोका कमी. मारा, किनारपट्टी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या भागात मात्र तो खरा आहे. ‘आपण भारतीय, आपल्याला मलेरियाची सवय आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर पाठ झालंय: तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा, आणि आपल्याकडे पूर्वी सर्रास मिळणारं क्लोरोक्वीन तिथे निकामी आहे. प्रतिबंधक गोळ्या कुठल्या ते डॉक्टर ठरवतील. त्या परतल्यावरही काही काळ घ्यायच्या असतात, आणि लोक नेमकं तेव्हाच त्या सोडून देतात.

५. कंपनी, गाडी आणि चालक

सहल कंपनी केनियातली असो वा आपल्याकडची, प्रत्यक्ष गाडी कोण देणार आहे ते विचारा. त्या स्थानिक कंपनीकडे तिथल्या पर्यटन नियामक प्राधिकरणाचा परवाना हवा. ‘काटो’ ही तिथल्या सहल कंपन्यांची संघटना आहे, तिच्या सदस्यांची यादी उघड असते. चालक-मार्गदर्शकांची वेगळी संघटना परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा श्रेणी देते. ‘आमचा मार्गदर्शक कुठल्या श्रेणीचा?’ एवढा प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं, हे लोक चौकशी करून आलेत.

गाडीचे दोन प्रकार: छप्पर वर उचललं जाणारी मिनीव्हॅन आणि लँड क्रूझर. व्हॅन स्वस्त, कोरड्या दिवसांत चालते. पावसात आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर लँड क्रूझरच. प्रत्येकाला खिडकी मिळणार का, गाडीत दुसरे प्रवासी असतील का आणि दिवसाला किलोमीटरची मर्यादा आहे का, हे तिन्ही लेखी घ्या.

दरपत्रकात ‘पार्क फी समाविष्ट’ लिहिलंय की नाही ते भिंग लावून बघा. मसाई मारात परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर लागतात. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं, पूर्वीसारखं चोवीस तासांचं नाही. चौघांचं कुटुंब तीन दिवस राहिलं तर ही रक्कम विमानाच्या तिकिटांच्या जवळ जाते. स्वस्त पॅकेज बहुतेकदा इथेच स्वस्त असतं.

थोडा जास्त खर्च झेपत असेल तर माराच्या सीमेबाहेरच्या सामुदायिक राखीव क्षेत्रांत राहा. मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी अशी त्यांची नावं. तिथली जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची असते आणि कॅम्पवाले त्यांना दरमहा भाडं देतात. गाड्यांची संख्या मर्यादित, शिवाय पायी फेरी आणि रात्रीची सफारी तिथे करता येते, मुख्य अभयारण्यात नाही. तुमच्या पैशाचा काही भाग त्या मातीतल्या माणसाकडे जातोय, हे निदान स्पष्ट असतं.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान १५ किलो, तेही मऊ बॅगेत. कडक चाकांची सूटकेस घेत नाहीत.

६. पैसे

रुपये तिथे चालत नाहीत. थोडे डॉलर न्या, पण नव्या मालिकेचे. २००९ च्या आधीच्या किंवा फाटक्या, शिक्के मारलेल्या नोटा परत करतात, त्यामुळे मनी चेंजरकडून घेताना प्रत्येक नोटेवरचं साल बघा. रोजच्या खर्चाला केनियन शिलिंग लागतात, ते एटीएममधून काढणं सोपं.

पण केनियाचा खरा बटवा म्हणजे एम-पेसा. २००७ मध्ये सुरू झालेली, मोबाइलवरून पैसे देण्याची ही सेवा यूपीआयच्या किती तरी आधीची, आणि साध्या मोबाइलवरही चालते. पासपोर्ट दाखवून विमानतळावरच सफारीकॉम या मोबाइल कंपनीचं सिम घ्या आणि त्यावर एम-पेसा सुरू करून मागा. भाजीवाली, बोडाबोडा म्हणजे दुचाकी टॅक्सी, रेल्वेचं तिकीट, सगळं त्यावर. सिम रस्त्यावरच्या माणसाकडून नव्हे, दुकानातून घ्या आणि पिन कुणासमोर टाइप करू नका.

बक्षिशी ठरवून ठेवा. चालक-मार्गदर्शकाला गाडीमागे दिवसाला साधारण १० ते २० डॉलर ही रूढ रीत आहे, शेवटच्या दिवशी एकत्र, हातात, आभार मानून द्यायची. कॅम्पमध्ये कर्मचाऱ्यांची सामायिक पेटी असते. स्वयंपाकी आणि भांडी घासणारा तुम्हाला दिसत नाही, म्हणून त्या पेटीत घाला. शेवटच्या क्षणी पाकिटात काय उरलंय ते बघून ठरवायची ही गोष्ट नाही.

७. बॅग भरताना

आफ्रिका म्हणजे उकाडा, या समजुतीने गेलेली माणसं माराच्या पहाटे कुडकुडतात. मारा दीड हजार मीटरवर आहे आणि छप्पर उघडलेल्या गाडीत सकाळी सहाला वारा झोंबतो. जून ते ऑगस्ट स्वेटर, कानटोपी, पातळ जॅकेट हवंच. कपडे खाकी, करडे, फिकट रंगांचे. गडद निळ्या-काळ्या रंगाकडे चावणाऱ्या त्सेत्से माश्या येतात. लष्करी छापाचे कपडे मात्र अजिबात नकोत, केनियात सामान्य नागरिकाने ते घालायला बंदी आहे. लहान मुलाची ‘आर्मी पँट’सुद्धा घरीच ठेवा.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. चकली, लाडू, खाकरे जरूर न्या, पण डब्यात किंवा कापडी पिशवीत. २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत, तेव्हा माणशी एक स्टीलची बाटली. ताजी फळं, बियाणं, रोपं नेऊ नका. ड्रोनही घरीच ठेवा, परवानगीशिवाय तो जप्त होतो.

प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. बऱ्याच कॅम्पमध्ये वीज ठरावीक तासच असते. दुर्बीण प्रत्येकाला वेगळी घ्या, निदान दोघांत एक. चांगल्या कॅमेऱ्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो, आणि नवरा-बायकोत भांडणं कमी.

८. जाण्याआधी थोडा इतिहास

ही पायरी लोक गाळतात. पण तिथे तुम्ही ‘मुहिंदी’ म्हणजे भारतीय म्हणून ओळखले जाता, आणि त्या ओळखीला तुमच्या आधीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

१८९६ ते १९०१ या काळात ब्रिटिशांनी मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली. त्यासाठी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून करारावर नेले. त्यातले सुमारे अडीच हजार मेले. या मजुरांना खाणाऱ्या त्सावोच्या नरभक्षक सिंहांची १८९८ ची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, रोगराईने मेलेल्यांची नसते. नैरोबी हे शहरच या रेल्वेच्या तळातून उभं राहिलं. १९२० पर्यंत तिथे चलन म्हणून रुपया चालत असे. नैरोबीचं रेल्वे संग्रहालय छोटं, जरा धुळकट, पण बघावंच असं आहे.

गोव्याचा धागा तर आणखी जवळचा. मोंबासाचा फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ मध्ये बांधला, आणि त्या किनाऱ्याचा त्यांचा कारभार गोव्याहून चालायचा. नैरोबीत जन्मलेले गोमंतकीय वंशाचे पियो गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात होते. ब्रिटिशांनी त्यांना स्थानबद्ध केलं, आणि स्वतंत्र केनियात २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. देशाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोवेकर आणि आई मसाई. त्यांनी जमवलेला आफ्रिकी कलेचा संग्रह नैरोबीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बघता येतो. माराला जायच्या आदल्या दिवशी तासभर तिथे घालवा.

दुसरी बाजूही आहे. वसाहतीच्या उतरंडीत वर गोरे, मध्ये आशियाई, खाली आफ्रिकी अशी रचना होती. दुकानं आणि व्यापार आशियाईंच्या हातात, त्यामुळे ‘हिंदी मालक आणि आफ्रिकी नोकर’ हे नातं अनेकांच्या घरातल्या आठवणीत आहे, आणि ते सगळं गोड नाही. २०१७ मध्ये केनियाने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. नैरोबीच्या पार्कलँड्स भागातला गुजराती दुकानदार चौथ्या पिढीचा केनियन असतो. त्याच्याकडे ढोकळा जरूर मागा, पण ‘इथले लोक कसे आहेत हो?’ असं कुजबुजत विचारू नका. तोही इथलाच आहे.

९. माणसांशी वागताना

आधी विचारपूस, मग काम. ‘हबारी?’ म्हणजे काय खबर, उत्तर ‘न्झूरी’. सुरक्षारक्षकापासून हॉटेलच्या व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांना. थेट ‘एक पाणी द्या’ म्हणणं तिथे तुसडं वाटतं. वयाने मोठ्या माणसाला ‘शिकामो’ म्हणा, ते ‘मराहबा’ म्हणतील आणि चेहरा खुलेल. ‘असान्ते’ म्हणजे धन्यवाद. विक्रेत्याला नकार देताना ‘हपाना, असान्ते’, हसून. हात झटकून नाही.

शाकाहारींसाठी एक वाक्य: ‘सिली न्यामा, कुकू वाला समाकी.’ मांस, कोंबडी, मासे खात नाही. नुसतं ‘न्यामा नको’ म्हटलं तर कोंबडी वाढली जाऊ शकते, कारण न्यामा म्हणजे अनेकांच्या लेखी बोकड आणि गाय. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सुकुमा विकी म्हणजे पालेभाजी, घेवड्याची उसळ आणि चपाती मागा. छान पोट भरतं. जेवण यायला वेळ लागतो, तो गृहीत धरा.

आपसात मराठीत किंवा हिंदीत बोलताना जपून. रंगावरून, केसांवरून, ओठांवरून शेरे मारायची आपल्याकडची वाईट खोड तिथे उघडी पडते. भारतीय दुकानांत-घरांत काम केलेल्या अनेकांना हिंदी-गुजराती समजते, हिंदी मालिका तिथे डब होऊन लागतात, आणि ‘काळा’ हा शब्द तर भाषा न येताही नजरेवरून कळतो. मुलांना निघण्याआधीच समजावा. मोठ्यांनाही.

फोटोआधी विचारा: ‘नवेझा कुपिगा पिचा?’ नकार आला तर कॅमेरा खाली. लांबून झूम करून काढणं हे विचारणं नव्हे. विमानतळ, पोलीस, सैनिक आणि सरकारी इमारतींचे फोटो काढू नका, चौकशीत अर्धा दिवस जाईल. मसाई वस्तीला भेट द्यायची तर फी आधी ठरवा आणि ती वस्तीच्या सामायिक निधीत जाते की चालकाच्या ओळखीच्या माणसाकडे, हे विचारा. एक तास तरी ठेवा. तेही तुम्हाला प्रश्न विचारतात: किती गाई, किती मुलं, शेती आहे का. मुलांना चॉकलेट-पेन वाटू नका. काही द्यायचं असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून द्या.

घासाघीस बाजारात चालते, नैरोबीच्या मसाई मार्केटमध्ये तर अपेक्षितच असते. मात्र भाव पक्का झाल्यावर ‘चला, जाऊ दे’ म्हणत निघून जाणं हा अपमान समजतात. आणि पन्नास शिलिंगसाठी पंधरा मिनिटं उभं राहण्यात काय मिळवलं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

वेळ ठरवताना एक खाच आहे. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात: सकाळी सात म्हणजे ‘एक’ वाजला. इंग्रजीत बोललात तर गोंधळ नाही, पण बोडाबोडावाल्याशी स्वाहिलीत ठरवलंत तर घड्याळ दाखवून पक्कं करा.

१०. जंगलात

मारात मोठ्या मांजरवर्गीय प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, किमान २५ मीटर अंतरावर, आणि रस्ता सोडायचा नाही, असे नियम आहेत. ते मोडले जातात ते प्रवाशांच्या दबावामुळेच. ‘अजून थोडं जवळ घ्या ना’ हे वाक्य चालकाला अडचणीत टाकतं: ऐकलं तर दंड त्याला, नाही ऐकलं तर बक्षिशी गेली. पहिल्याच सकाळी त्याला स्वच्छ सांगा की आम्हाला नियम मोडायचे नाहीत, दिसलं नाही तरी चालेल. त्याचे खांदे सैल होतात, आणि मग तो खरं जंगल दाखवतो.

गाडीत हळू बोला, फोन आवाज बंद करून ठेवा. फराळाच्या जागी माकडं आणि बबून डबा हातातून ओढतात, त्यांना खायला देणं तर दूरच. गाडीतून उतरायचं ते फक्त चालक सांगेल तिथे. पोटाची अडचण असेल तर लाजू नका, सांगा, ते रोजचंच आहे.

११. किनाऱ्याला जाणार असाल तर

नैरोबी–मोंबासा रेल्वे २०१७ पासून धावते. त्सावोच्या पट्ट्यात खिडकीतून हत्ती दिसतात, लाल मातीने माखलेले. तिकीट आधी काढा, सुट्ट्यांत मिळत नाही. दोन्ही टोकांची स्थानकं शहराबाहेर आहेत आणि सामानाची तपासणी कसून होते, तास-दीड तास हाताशी ठेवा.

मोंबासाचा जुना भाग आणि लामू ही मुस्लिम स्वाहिली संस्कृतीची गावं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, पोहण्याचा पोशाख फक्त समुद्रावर. रमजानमध्ये दिवसा रस्त्यात खाऊ-पिऊ नका. मशिदीत विचारल्याशिवाय शिरू नका. लामूला जाण्याआधी तिथल्या सुरक्षेबद्दलच्या ताज्या सूचना वाचा. काही अडलं तर नैरोबीत भारतीय उच्चायुक्तालय आहे आणि मोंबासात त्याचं सहायक कार्यालय.

१२. परतताना

उरलेले शिलिंग विमानतळावर बदलून घ्या, आपल्याकडे ते कुणी घेत नाही. हस्तिदंत, कातडी, शिंपले, प्रवाळ यांतलं काहीही बॅगेत नको, विकणारा ‘कागद देतो’ म्हणाला तरी. पिवळं कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, मुंबईत उतरल्यावर आधी त्याचाच टेबल लागतो. चालकाला, वस्तीतल्या कुणाला फोटो पाठवायचं कबूल केलं असेल तर विमान सुटण्याआधी, तुमचं तिथलं सिम चालू आहे तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून टाका.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत चालू ठेवा. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी केनियाला जाऊन आलोय हे पहिल्या वाक्यात सांगा.